वच्छलाची रिकामी पेटी

कूलर हरले त्या जूनची ही गोष्ट आहे. ते बिघडले नव्हते. पंखे फिरत होते, वाळ्याच्या ताट्या भिजत होत्या, घराघरातून तो ओळखीचा घरघराट येत होता, आणि तरी आत बसलेला माणूस इडलीपात्रात ठेवल्यासारखा उकडत होता.

आम्हा पूर्णाकाठच्या लोकांना उन्हाचं भय कधीच नव्हतं. सत्तेचाळीस अंशांत आम्ही लग्नं लावली आहेत, पंगती उठवल्या आहेत. डोक्याला रुमाल, खिशात कांदा, दुपारी दारं बंद आणि कूलर सुरू. पण ते ऊन कोरडं होतं. कोरड्या हवेला पाण्याची हाव असते. ती ताट्यांतलं पाणी पिते, माठाच्या अंगावरचं पिते, माणसाच्या अंगावरचा घाम पिते, आणि प्रत्येक घोटाबरोबर थोडी उष्णता घेऊन जाते. गारव्याचं सारं गुपित एवढंच. त्या वर्षी मात्र समुद्र फार तापले म्हणे, आणि मे संपता संपता हवाच पाणी पिऊन तुडुंब होऊन आली. पाऊस नाही, वारा नाही. पारा अडतिसावर. अडतीस म्हणजे आमच्याकडे हिवाळाच की, असं म्हणून आम्ही हसलोही.

पहिली सूचना कुरड्यांनी दिली. गच्चीवर घातलेल्या कुरड्या तीन दिवस वाळल्या नाहीत, चौथ्या दिवशी त्यांना बुरशी आली. जिथे कुरडई वाळत नाही तिथे घाम कसा वाळणार? आणि घाम वाळला नाही तर अंगातली उष्णता अंगातच कोंडून राहते. त्या आठवड्यात गावातली अकरा म्हातारी माणसं गेली. मग कुणी हसलं नाही.

आमच्या गावात एक नगरनिधी आहे. गावातले डॉक्टर, दुकानदार, निवृत्त मास्तर आणि परदेशी गेलेली मुलं यांनी मिळून तो उभा केला. निधी स्वतः कुणाच्या दारात जात नाही. दारं ओळखणाऱ्या लहान संस्थांना अनुदान देतो. अशा सहा संस्था होत्या आणि त्यात आमचं सोबत महिला मंडळ सर्वांत लहान. मंडळाची जागा म्हणजे जुनं टेलिफोन एक्स्चेंज. विसाव्या वर्षी मी तिथेच हेडफोन लावून बसले होते आणि एक्याऐंशीव्या वर्षी तिथेच बसून एकट्या राहणाऱ्या साठ माणसांना रोज सकाळी फोन करत होते. उठलात का, जेवलात का, पाणी प्यालात का. जुनी माणसं अजून मला ऑपरेटरबाईच म्हणतात. कुंदा राऊत हे नाव बँकेला आणि रेशनकार्डालाच ठाऊक.

निधीनं त्या वेळी पेट्या आणल्या. केतकी गावंडे ही निधीत काम करणारी मुलगी, शिकलेली इंजिनिअर, बोलायला गोड. तिनं आमच्या टेबलावर एक पांढरी पेटी ठेवली. खाली जाळीचं तबक आणि त्यात राखाडी पूड. वर झाकण, आणि मध्ये वीतभर मोकळी जागा. बाजूला एक लहानसा पंखा.

"कुंदाआजी, पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं ना?" ती म्हणाली. "मीठ हवेतलं पाणी ओढतं म्हणून. ही पूड त्याच्या शंभरपट हावरी आहे. हिच्या प्रत्येक कणात इतकी बारीक भोकं आहेत की चमचाभर पुडीच्या आतल्या भिंती उलगडून पसरल्या तर शाळेचं मैदान झाकलं जाईल. त्या भिंतींना हवेतलं पाणी चिकटून बसतं. खोली कोरडी झाली की घाम वाळतो आणि कूलरही पुन्हा चालतो."

"आणि पूड भरली की?"

"सकाळी शबानाताई जुनी पेटी नेणार, नवी ठेवणार. जिनिंग फॅक्टरीच्या छपरावर उन्हात भाजली की पूड पाणी सोडते आणि पुन्हा तहानेली होते."

शबाना आमची ई-रिक्षावाली. आवाज खणखणीत, पान खाण्यावरून नवऱ्याशी रोज भांडणारी. तिनं पेटी उचलून पाहिली. "म्हणजे नानी, ही पेटी जाताना हलकी आन् येताना जड. मह्या सासूसारखी. माहेरी जाते हलकी, येते भरून."

केतकी हसली. "तेच तर महत्त्वाचं आहे. पेट्या कमी आणि घरं जास्त. मग कुणाला द्यायच्या, कुणाला किती? तुमच्या रिक्षाच्या तळाला काटा बसवलाय. परत आलेली पेटी वर ठेवली की वजन आपोआप कळेल. पेटी जड झाली म्हणजे त्या घराला गरज होती. हलकी आली म्हणजे नव्हती. सगळ्या गावातली वजनं एकमेकांशी ताडून आमचा प्रोग्रॅम रोज यादी लावतो. ज्यांची पेटी सर्वांत जड त्यांना दोन, तीन. ज्यांची सर्वांत हलकी त्यांची थांबते आणि दुसऱ्या घरी जाते."

"नाव काय त्याचं?"

"तारतम्य," केतकी अभिमानानं म्हणाली. नाव तिनंच ठेवलं होतं.

मला ते सारं फार आवडलं. माणसाच्या तोंडाकडे न बघता मदत पोचते, कुणाला मागावं लागत नाही, याहून चांगलं काय? आमच्या लहानपणी दुष्काळी कामावर रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांची खाली घातलेली तोंडं मी पाहिली होती.

पहिल्या दिवशी माझ्या घरी पेटी आली. रात्री इतक्या दिवसांनी मानेवरचा घाम वाळला. पेटी कोमट झाली होती, पण मी बाळासारखी झोपले. सकाळी शबाना दारात आली तेव्हा माझा हात आपोआप फडताळाकडे गेला. दुसऱ्याचं भांडं आपल्या घरातून रिकामं परत जात नाही. शेजारणीनं वाटीभर भाजी दिली तर वाटी धुऊन त्यात निदान साखरेची चिमूट घालून द्यायची, हे मला आईनं शिकवलं आणि आईला तिच्या आईनं. मी गेल्या वर्षीच्या कैरीच्या लोणच्याची बरणी पेटीतल्या मोकळ्या जागेत ठेवली आणि झाकण लावलं.

तसं करणारी मी एकटी नव्हते. दुपारी फॅक्टरीच्या छपरावर झाकणं उघडली तर आत गुळाचे खडे, मूगवड्या, शेंगदाण्याचे लाडू, कैऱ्या, कुणाच्या पेटीत तर अख्खं खरबूज. पूड भाजणाऱ्या बायका, शबाना आणि केतकी, सगळ्यांनी छपरावर पंगत मांडली. केतकीनं मला फोन केला तेव्हा तिच्या तोंडात घास होता.

"आजी, हे काय आहे?"

"गावची रीत आहे बाई. खा मुकाट्यानं."

"पुण्याला असं कुणी करत नाही हो!"

"म्हणून तर तू इथे आलीस."

आम्ही सगळे हसलो. रोज हसलो, रोज खाल्लं. काट्याची आठवण एकालाही झाली नाही, मलाही नाही. वजन रिक्षावरच होत होतं आणि झाकण छपरावर उघडत होतं; मधल्या रस्त्यावर काय घडतंय ते बघणारं कुणी नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडे दोन पेट्या येऊ लागल्या, मग तीन. मला वाटलं, वय पाहून देत असतील. निधीच्या बैठकीत तर आमच्या मंडळाचं कौतुक झालं. सहा संस्थांत आमच्या पेट्या सर्वांत जड येत होत्या. पुढच्या अनुदानात आम्हाला दुप्पट पेट्या द्यायचं ठरत होतं. मी नवं लुगडं नेसून टाळ्या ऐकून आले.

आता वच्छलाबद्दल सांगते.

वच्छला खंडारे जिनिंगमध्ये कामाला होती, मी एक्स्चेंजमध्ये होते त्या काळात. तिचा भाऊ भिलाईला. दर रविवारी ती ट्रंक कॉल लावायला यायची आणि लाइन लागेपर्यंत तासन् तास बाकावर बसायची. तेव्हाचे हेडफोन म्हणजे लोखंडी पट्टी. दिवसभर घालून माझे कान सोलून निघत. एका रविवारी तिनं ते पाहिलं. पुढच्या रविवारी पदराखालून नुकत्याच सरकी काढलेल्या कापसाचा पुंजका काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "त्या पट्टीखाली लाव. रिकाम्या हातानं कशी येऊ?" मग दर रविवारी ताजा पुंजका. पुढे भाऊ गेला, जिनिंग बंद पडली, फोन खिशात आले. मैत्री राहिली. ती राहायची जुन्या गिरणी चाळीच्या टोकाच्या खोलीत, एकटी. रोज सकाळी माझ्या साठ फोनांत तिचा फोन शेवटचा लावायचे, कारण तो लांबायचा. मी 'उठलीस का' म्हटलं की ती म्हणे, "नाही, मेली. भूत बोलून राह्यलं."

त्या गुरुवारी मी 'उठलीस का' म्हटलं आणि ती म्हणाली, "हो."

एवढंच. मी चाळीस वर्षं लोकांचे आवाज ऐकून पोट भरलं आहे. वच्छला सरळ उत्तर देते म्हणजे काहीतरी भयंकर घडतं आहे.

"पेटी सुरू आहे ना तुझी?"

"बंद झाली." शब्द ओले, जड. "सहा दिस झाले."

"सहा दिवस! आणि रोज 'भूत बोलतंय' म्हणून मला हसवत होतीस? का बंद झाली?"

"रिकामी धाडली म्या. मह्या घरात काहीच नव्हतं घालाले. या साली कुरड्या वाळल्या नाहीत, गुडघ्यानं दुसरं काही झालं नाही. सगळ्या जणी भरून धाडतात. म्या दोन खेप रिकामी धाडली. मग बंदच होईन ना. बरोबरच हाये त्याईचं."

"काहीतरी बरळू नकोस. यंत्राला काय कळतं रिकामं न् भरलेलं?" असं मी म्हणाले. ते वाक्य मला अजून टोचतं.

शबानाला बोलावलं, माझ्या तिन्ही पेट्या रिक्षात टाकल्या आणि निघालो. वच्छलाची खोली म्हणजे नुसती वाफ. भिंती ओल्या. ती खाटेवर पडली होती, कपाळावर ओलं फडकं, आणि ते फडकं ताज्या चपातीसारखं गरम. अंग भाजत होतं. शबानानं दवाखान्यात फोन केला. ॲम्ब्युलन्स तासाभरानं येईल म्हणाले. आम्ही दारं-खिडक्या लावल्या, तिन्ही पेट्या खाटेभोवती मांडल्या, पंखे सुरू केले आणि चमच्याचमच्यानं मीठ-साखरेचं पाणी पाजत बसलो.

मी तिचा हात धरून त्याच्यावरच्या घामाकडे बघत होते. आयुष्यात कधी घामाकडे इतकं टक लावून पाहिलं नव्हतं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. पेट्या कोमट झाल्या. मग मनगटाजवळचे थेंब बारीक झाले, आणि बघता बघता त्यांच्या जागी मिठाची पांढरी रेघ उरली. घाम वाळला होता. शबाना मोठ्यानं "या अल्ला" म्हणाली.

वच्छलानं डोळे उघडले. मला पाहिलं, पेट्या मोजल्या.

"तीन?" ती म्हणाली. "एकल्या बाईले तीन? रातभर काय नाचत होतीस काय, ऑपरेटरबाई?"

मला हसू आलं आणि रडूही. पण तो प्रश्न डोक्यात रुतला. एकट्या बाईला तीन का? आणि हिला एकही का नाही?

दाराशी वच्छलाच्या शेजारणीची पेटी परत न्यायला ठेवली होती. शबानानं ती सवयीनं रिक्षात ठेवली. काट्यावर आकडा उमटला. मी म्हटलं, "थांब. झाकण उघड."

आत गुळाची ढेप होती. शबानानं ती उचलली. आकडा धाडकन उतरला.

मला एकेक वस्तू आठवू लागली. माझ्या लोणच्याच्या बरण्या, ते खरबूज, ते लाडू. तारतम्याला त्यातलं काही दिसत नव्हतं, फक्त वजन दिसत होतं. ज्यांच्या फडताळात काही होतं त्यांच्या पेट्या जड झाल्या, त्यांना आणखी पेट्या मिळाल्या. आणि जिची पूड खरोखर पाणी पिऊन आली होती, पण जिच्या घरात वर ठेवायला गुळाचा खडासुद्धा नव्हता, तिची पेटी गावात सर्वांत हलकी ठरली. वच्छला बरोबर बोलली होती. रिकामी पाठवली म्हणूनच बंद झाली होती. यंत्राला आमची रीत कुणी शिकवली नव्हती. ती त्यानं आमच्याकडूनच उचलली, आणि आमच्यापेक्षा कडक पाळली.

केतकीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आजी, मी रोज ते लाडू खात होते."

"मीही लोणचं घालत होते. रडायचं नंतर बघू. पेट्या थांबलेली घरं किती?"

"सहाही संस्थांची मिळून एकोणचाळीस."

ॲम्ब्युलन्स आली, डॉक्टरांनी वच्छलाला तपासलं आणि खोली आता बरी आहे, इथेच राहू द्या म्हणाले. मी तिच्या उशाशी बसून फोन लावत गेले. एकोणचाळीस घरं. आवाज ऐकायचे आणि शबानाला सांगायचं, हिच्याकडे आधी जा, हा थांबू शकतो, याच्या बोलण्यात दम नाही, धाव. केतकी दुसरी रिक्षा घेऊन, जिथे दोन-तीन पेट्या होत्या तिथून जास्तीच्या उचलत फिरली. दिवस मावळेपर्यंत सगळ्या दारांत पेटी पोचली. दोघांना दवाखान्यात न्यावं लागलं. दोघंही परत आले. याचं श्रेय कुणाचं ते मला ठाऊक नाही. ते वाचले हे ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी निधीची बैठक बसली. आमच्या मंडळाचं दुप्पट अनुदान त्याच दिवशी मंजूर व्हायचं होतं. मी उठून म्हटलं, "आमच्या पेट्या जड होत्या त्या लोणच्यानं. आम्हाला वाढवून देऊ नका. उलट जास्तीच्या काढून घ्या."

अध्यक्ष म्हणाले, सोपं आहे, घरोघर सूचना लावू: पेटीत काहीही ठेवू नये.

"साहेब," मी म्हटलं, "मग अर्धं गाव पेटीच घेणार नाही. आजवर बायकांनी ती मान खाली न घालता घेतली, कारण परत देताना हात रिकामा नव्हता. ती मदत आहे असं त्यांना वाटलंच नाही, शेजारपण वाटलं. तेवढं काढून घेतलंत तर उरेल ती भीक."

केतकीनं माझ्याकडे पाहिलं, मग खाली टेबलावरच्या पेटीकडे. तिनं झाकण उघडलं आणि पुडीचं तबक बाहेर काढलं. "सर, फक्त हे तोलायचं. दारातच. पेटी मग लोकांनी हवी तशी भरू दे." तबक टेबलावर ठेवत ती म्हणाली, "आणि कुणाचीही पेटी थांबवण्याआधी यादी कुंदाआजींकडे जाईल. त्या फोन करतील."

तसंच झालं. आमच्या मंडळाच्या पेट्या कमी झाल्या, माझ्या घरची एकच राहिली. ती उचलून मी वच्छलाकडे राहायला गेले. दोघींत दोन पेट्या झाल्या, म्हणून एक आम्ही पलीकडच्या खोलीतल्या बाळंतिणीला दिली.

पहिल्या संध्याकाळी वच्छला कुरकुरली. "मह्या घरात तुले द्याले काही नाही."

"पोटभर शिव्या दे. तेवढ्यावर भागेल."

"त्या तं रोजच फुकट देतो," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

सकाळी शबाना आली. तबक काढून तोललं, आकडा नोंदला. रिकामी पेटी उचलायला वाकली तेवढ्यात वच्छला ओरडली, "थांब वो पोट्टे." खाटेवरून उतरली, गुडघा धरत कोपऱ्यात गेली. तिथे तिची जुनी उशी होती, जिनिंगच्या दिवसांतल्या कापसाची. तिनं शिवण दातानं उसवली, आत दोन बोटं घातली आणि एक पुंजका काढला. इतक्या वर्षांनीही पांढरा. तो पेटीत ठेवला आणि झाकण लावलं.

शबानानं सवयीनं पेटी रिक्षात ठेवली. काट्यावर रिकाम्या पेटीचं वजन उमटलं, तोळाभरही जास्त नाही.

"मावशे, काहीच वाढलं नाही," शबाना हसत म्हणाली.

"तुह्या काट्याले काय कळते," वच्छला म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "उघडून पाह्य ना. तुह्यासाठीच हाये. साठ फोन करतीस, कान सोलले असतीन."

मी झाकण उघडलं, पुंजक्याचे दोन भाग केले आणि फोन लावायला बसले.